माणूस गेल्यावर घर आवरायचं कसं: आधी कागद, मग कपाट, मग आपण

घरातलं माणूस गेलं की कोल्हापुरातल्या बहुतेक घरांत एकच उलटा क्रम चालतो. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं, उत्तरकार्याला पाहुणे जमतात आणि पाहुणे आहेत तोवर "एवढं आवरून घेऊया" म्हणत कपाट रिकामं होतं. कपडे बोचक्यात जातात, चष्मा कुठं गेला कुणाला सांगता येत नाही. सातबारावरचं नाव, बँकेतलं खातं, कारखान्याचा शेअर मात्र तीन-चार वर्षं तसाच. जे लवकर करायला हवं ते रखडतं आणि जे सावकाश करायला हवं ते दोन दुपारींत उरकतं. पुढं कपाटाचा पश्चात्ताप राहतो, आणि अधूनमधून कुठल्या ना कुठल्या खिडकीवर "मयताचं नाव?" या प्रश्नाला उत्तर देत उभं राहावं लागतं.

खालचा क्रम साधारण वर्षभराचा आहे. जोडीदार, आई-वडील, सासू-सासरे गेल्यानंतरचा. घरातलं मूल गेलं असेल तर फक्त कागदांचा भाग घ्या. वस्तूंचं कधी आणि कसं, हे अशा घराला बाहेरून कुणी सांगू नये. मीही सांगत नाही.

## सुरुवातीआधी

उत्तरकार्याच्या दिवशी सगळे जमलेले असतात. त्याच दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यानं सगळ्यांसमोर एक वाक्य बोलावं: "वर्षश्राद्धापर्यंत कशाची वाटणी नाही, कशाची विक्री नाही, हक्क सोडायच्या कुणाच्या सह्या नाहीत." हे बोलायला जड जातं, पण न बोलल्यामुळं जी भांडणं होतात ती त्याहून जड जातात.

मग कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली जोडीदाराकडं द्या. सुनेकडं नको, थोरल्याकडं नको. जोडीदार नसेल तर सगळ्यांच्या संमतीनं एकाकडं.

एक जाड फुलस्केप वही आणा. प्रत्येक फेरीची नोंद त्यात: तारीख, कुठलं कार्यालय, कोण भेटलं, काय मागितलं, पुन्हा कधी बोलावलं. दुःखात डोकं चालत नाही, ऐकलेलं अर्ध्या तासात विसरतं. ही वही पुढं भावंडांना हिशेब दाखवायलाही कामाला येते.

कागदांचं काम एकानं आणि वस्तूंचं काम दुसऱ्यानं करावं. दोन्ही एकाच्या गळ्यात पडलं की तो माणूस चार महिन्यांत थकतो आणि सगळंच अर्ध्यावर सोडतो. कोल्हापुरात हे बहुतेक वेळा इथं राहणाऱ्या धाकट्या मुलाच्या नाहीतर लेकीच्या वाट्याला येतं, आणि पुण्या-मुंबईतली भावंडं फोनवरून सूचना देतात. त्यांना सूचनांऐवजी कामं द्या. विमा कंपनीचा पाठपुरावा पुण्यातूनही होतो.

तपासा: मूळ कागद घरात कुठं आहेत? २०१९ आणि २०२१ च्या पुरात खालच्या मजल्यावरच्या ट्रंकांतले कागद भिजलेली घरं शहरात पुष्कळ आहेत. नदीच्या बाजूला राहत असाल तर सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा आणि प्रत्येकाचा फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

## टप्पा १: मृत्यूची नोंद, २१ दिवसांच्या आत

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणं नोंद २१ दिवसांत करायची. दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर घरच्यांची. मृत्यू जिथं झाला तिथं नोंद होते, राहत्या गावात नाही. गगनबावड्याचं माणूस कोल्हापुरात दवाखान्यात वारलं तर नोंद कोल्हापुरात. लोक हे न विचारता गावच्या ग्रामपंचायतीत चकरा मारतात आणि त्यात आठवडा जातो.

डॉक्टरांनी दिलेला मृत्यूच्या कारणाचा दाखला आणि स्मशानभूमीतली पावती जपून ठेवा. ही पावती शर्टाच्या खिशात राहते आणि शर्ट धुवायला जातो.

२१ दिवस उलटले तर विलंब शुल्क पडतं. ३० दिवसांनंतर स्वतः साक्षांकित केलेला कागद आणि लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

सावध: दाखल्यावरच्या नावातली चूक ही या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक आहे. आधार कार्डावर "शांताबाई", सातबारावर "शांता", बँकेत "सौ. शांताबाई" आणि दाखल्यावर घाईत सांगितलेलं "आक्काताई" असं झालं की पुढं प्रत्येक ठिकाणी चारही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. अर्जात नाव सांगताना तोंडी सांगू नका, आधार कार्ड पुढं ठेवा. दाखला हातात पडला की खिडकीसमोरून हलण्याआधी नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, तारीख आणि पत्ता वाचा. प्रती पाच-सहा तरी घ्या.

## टप्पा २: फोन बंद करू नका

"आता कशाला रिचार्ज?" म्हणत लोक पहिल्याच महिन्यात सिम सोडून देतात. सगळे ओटीपी त्या नंबरवर येतात. विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंडाची पत्रं, पतसंस्थेचे मेसेज, कुठं काय गुंतवलंय याचा पत्ता पुष्कळदा फक्त त्या फोनलाच असतो. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं, आणि काही काळानं तोच नंबर दुसऱ्याच माणसाला मिळतो. व्हॉट्सॲप खातं १२० दिवस निष्क्रिय राहिलं की कंपनी ते काढून टाकते.

म्हणून वर्षभर रिचार्ज चालू ठेवा, फोन चार्ज करून घरातच ठेवा, आणि पहिल्या महिन्यातच आवाजातले निरोप, फोटो, व्हिडिओ दुसरीकडं उतरवून घ्या. नातवाला पाठवलेला अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पुढं दागिन्यापेक्षा मोलाचा ठरतो, आणि फोन एकदा फॉरमॅट केला की तो परत मिळत नाही.

त्या नंबरवरून कुणाला फोन करू नका, ग्रुपवर काही टाकू नका. गेलेल्या माणसाचं नाव स्क्रीनवर उजळलं की समोरच्याच्या काळजाचा ठोका चुकतो.

सावध: एटीएमचा पिन माहीत आहे, ओटीपी येतोय, म्हणून खात्यातून पैसे काढू नका. माणूस गेल्यावर ते खातं वारसांचं होतं आणि पैसे काढण्याचा रस्ता बँकेच्या दाव्यातूनच जातो. दिवसकार्याच्या खर्चासाठी काढलेले २० हजार पुढं भावाभावांत २० वर्षांचा अबोला धरायला पुरतात. खर्च आपापल्या खिशातून करा, वहीत लिहा.

## टप्पा ३: कागद, दुसऱ्या महिन्यापासून

बँक. पासबुकात गेल्या दोन वर्षांच्या नोंदी एकेक ओळ करून वाचा. मे-जूनच्या सुमाराला ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ते पंतप्रधान जीवनज्योती विम्याचे, २० रुपये दिसले तर सुरक्षा विम्याचे. पहिल्यात कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तरी २ लाख मिळतात, दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाला तर. ही ओळ न वाचल्यामुळं हक्काचे पैसे सोडून दिलेली घरं आहेत. हे पासबुक-वाचन मात्र दुसऱ्या महिन्यावर टाकू नका, पहिल्या पंधरवड्यातच करा, कारण दावा शक्यतो ३० दिवसांत कळवायचा असतो. कर्ज असेल तर कर्जासोबत विमा काढला होता का, हेही विचारा.

नॉमिनी असेल तर दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि ओळखीचे पुरावे एवढ्यावर काम होतं. सगळे कागद पुरे झाल्यापासून १५ दिवसांत बँकेनं दावा निकाली काढायचा असतो, म्हणून अर्जाच्या पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या. नॉमिनी नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या, हमीपत्र, आणि रक्कम मोठी असेल तर दिवाणी न्यायालयाचा दाखला.

आणि हे घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, हक्क वारसांचा राहतो.

जुनी, विसरलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' हे पोर्टल आहे. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारसांचा हक्क त्यानं बुडत नाही.

जमीन आणि घर. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत वारस नोंदीसाठी तलाठ्याला कळवावं, असं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४९ सांगतं. अर्ज ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही होतो. फेरफार (मालक बदलल्याची नोंद) घातला जातो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. लोक अर्ज देतात आणि झालं समजतात. नोंद मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत "झालं" लिहायचं नाही.

शहरातल्या घराचं काम दोन ठिकाणी आहे. प्रॉपर्टी कार्ड नगर भूमापन कार्यालयात, घरफाळा महापालिकेत. घरफाळ्याच्या बिलावर नाव आलं म्हणजे घर नावावर झालं, हा गैरसमज पेठापेठांत आहे.

सहकारी संस्था. आपल्या जिल्ह्यात हा भाग सगळ्यात जास्त विसरला जातो. साखर कारखान्याचा शेअर, विकास सोसायटीचं सभासदत्व आणि पीककर्ज, दूध संस्था, दोन-तीन पतसंस्थांतल्या ठेवी. ऊस त्यांच्या नावावर नोंदवलेला असेल तर कारखान्याच्या शेती गटकार्यालयात लगेच जा. नाहीतर ऊस तोडला जातो आणि बिल मयताच्या बंद खात्यावर जाऊन बसतं. भिशी आणि उसनवारीचा कागद नसतो, म्हणून त्यांच्या बैठकीतल्या दोघा-तिघांना भेटून विचारा. देणं आधी विचारा, येणं नंतर. असं विचारलं की लोक खरं सांगतात.

गाडी. मोटारसायकल पोरगं दुसऱ्या दिवसापासून फिरवायला लागतं आणि कागदाचं कुणाला सुचत नाही. हेही दुसऱ्या महिन्यावर टाकू नका: मालक गेल्यावर आरटीओला ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत नावावर करून घ्यायची असते. विमाही बदलून घ्या, अपघात झाला तर तिथंच अडतं.

वीज, गॅस, रेशन कार्ड यांना घाई नाही. पॅन कार्ड सगळ्यात शेवटी परत करा. शेवटचं विवरणपत्र भरायला आणि परतावा घ्यायला ते लागतं.

तपासा: वारसांच्या यादीत सगळ्या मुली आहेत का? लग्न होऊन गेलेल्या, दूर असलेल्या, बोलणं नसलेल्याही. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. नाव गाळून केलेली नोंद आज सोपी वाटते आणि पुढं नातवंडांच्या काळात कोर्टात उघडते.

सावध: पहिल्या वर्षात हक्कसोडपत्र करू नका, करायला लावू नका. रडून डोळे सुजलेल्या बहिणीला गाडीत घालून निबंधक कार्यालयात नेणं, हे आपल्याकडं "सगळे जमलेत तोवर" या नावाखाली चालतं. कायद्यानं ती सही चालत असेलही. पण त्या दिवशी नेमकं काय सोडलं हे तिला सहा महिन्यांनी कळतं, आणि मग माहेर तुटतं.

## टप्पा ४: कपाट

कधी? माझं मत: तीन महिन्यांच्या आत नको, वर्षश्राद्धाच्या पलीकडं नको. घर दोन खोल्यांचं असेल, भाड्याचं असेल, जागाच नसेल, तर वस्तू खोक्यांत भरून बाजूला ठेवा. निर्णय मात्र तेव्हाही घेऊ नका.

एका बैठकीला दोन तास, त्याहून जास्त नाही. दोन माणसं हवीत: एक ठरवणारं, एक उचलणारं. ठरवणारं माणूस जोडीदार, आणि उचलणाऱ्यानं मत द्यायचं नाही. "हे काय करायचं ठेवून?" हे वाक्य त्या खोलीत बंद. हात लावण्याआधी खोलीचा, उघड्या कपाटाचा, टेबलाचा फोटो काढा.

क्रम असा:

१. औषधं आणि आजारपणाचं सामान. इथून सुरुवात करा, कारण यात कुणाचा जीव अडकत नाही, उलट घर हलकं होतं. वॉकर, व्हीलचेअर, खाट भाड्यानं किंवा अनामत भरून आणलेली असेल तर परत करून अनामत घ्या. सील न फोडलेल्या, मुदत शिल्लक असलेल्या गोळ्या धर्मादाय दवाखान्यात विचारून द्या. मुदत संपलेल्या मोरीत ओतू नका.

२. चपला, छत्री, टॉवेल, दाढीचं सामान.

३. रोजचे कपडे. प्रत्येक खिसा उलटा करा. साड्यांच्या घड्या उलगडा, कपाटात अंथरलेला पेपर उचला, देव्हाऱ्याखाली आणि तांदळाच्या डब्यात हात घाला. आपल्या आया-आज्ज्यांची बँक तिथंच असते. २ हजारांच्या नोटा सापडल्या तर फेकू नका. त्या चलनातून काढल्या असल्या तरी कायद्यानं वैध आहेत, पण आता इथल्या बँकेत चालत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर किंवा नागपूर कार्यालयात जमा होतात, आणि पोस्टानं पाठवून आपल्या खात्यात जमा करून घेण्याचीही सोय आहे. २०१६ साली बंद झालेल्या ५०० आणि १ हजारच्या नोटांचं मात्र आता काही होत नाही.

४. पुस्तकं, हत्यारं, अवजारं. पुस्तकांची यादी करून आधी वाचनालयाला विचारा. करवीर नगर वाचन मंदिर असो वा गावचं ग्रंथालय, न विचारता पोतं नेऊन टाकलं की अर्ध्याची रद्दी होते. हत्यार त्याच धंद्यातल्या माणसाला द्या. सुभाषनगरातल्या चप्पल कारागिराची रापी, गवंड्याची थापी, शिंप्याची कात्री भंगारात घालू नका. तालमीतलं काही असेल तर तालमीला विचारा, त्यांना नको असलं तर ते स्पष्ट सांगतात.

५. भारी कपडे, साड्या, लुगडी. मऊ सुती लुगड्यांची वाकळ शिवून घेता येते, आणि ती वापरली जाते हा तिचा मोठा गुण. जरीच्या साडीची वाकळ टोचते, ती नको. कात्री लावण्याआधी लेकी-सुनांना एकदा विचारा.

६. चष्मा, घड्याळ, पत्रं, फोटो, हस्ताक्षर. सगळ्यात शेवटी. इथं वेळेचं बंधन नाही.

प्रत्येक वस्तूला चारच वाटा: ठेवायची, द्यायची, टाकायची, आणि "ठरत नाही". ठरत नाही असं एकच खोकं, त्यावर तारीख, ते सहा महिन्यांनी एकदाच उघडायचं. दुसरं खोकं लागलं की समजा, आज थांबायची वेळ झाली.

दागिने या क्रमात नाहीत. वजन करा, फोटो काढा, यादीवर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि वर्षभर लॉकरमध्ये ठेवा. गुजरीत जाऊन मोड घालायची घाई केलेल्या घरांत पुढं कायम ऐकू येतं, "आईची ठुशी तुम्ही मोडलीत."

सावध: कपडे आपल्याच गल्लीत देऊ नका. वडिलांचा चौकड्याचा शर्ट घातलेला माणूस रंकाळ्यावर पाठमोरा दिसला की काय होतं, हे ज्याला दिसलाय त्याला विचारा. दूर द्या, धुऊन द्या, बटणं लावून द्या. फाटकं असेल ते दान नव्हे, पोतेरं.

सावध: नवरा गेला म्हणून बाईच्या स्वतःच्या कपाटाला कुणी हात लावू नये. तिच्या रंगीत साड्या, बांगड्या, टिकली, मंगळसूत्र यांचा निर्णय तिचा एकटीचा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्ये केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनी तसंच करावं असं परिपत्रक काढलं. शहरातल्या काही चुलत सासवांना हे अजून सांगावं लागतं. सांगायचं काम मुलानं करावं, तिच्यावर सोडू नये.

## टप्पा ५: त्यांची कामं कोण करणार

कपाट रिकामं झालं म्हणून मागचं सुटलं असं होत नाही. जो दिनक्रम दोघांचा होता तो एकाचा करावा लागतो, आणि बदल खरा इथं असतो. इथंही लोक चुकतात, प्रेमापोटी.

गेलेलं माणूस घरात काय काय करत होतं याची यादी करा. आठवडाभर लिहीत राहा. दूध आणणं, गिझर चालू करणं, घरफाळा भरणं, वाढदिवस लक्षात ठेवणं, मोठ्या जावयाशी बोलणं, रात्री दाराला कडी लावणं. यादी लांबत जाते, आणि "आम्हाला वाटलं ते नुसतं बसून असायचे" हा समजही जातो. मग प्रत्येक कामापुढं लिहा: शिकायचं, वाटून द्यायचं, की सोडून द्यायचं.

शिकायची कामं महिन्याला एक. आधी एटीएम, मग गॅस बुकिंग, मग यूपीआय. आईला यूपीआय शिकवताना तिच्या नावावर वेगळं खातं काढा, त्यात थोडे पैसे ठेवा, म्हणजे चूक झाली तरी भीती राहत नाही. तिच्या हातानं दहा रुपये पाठवून बघा. वडील एकटे राहिले असतील तर त्यांना आधी कुकर लावायला शिकवा: भात, मग आमटी. भाकरीच्या वाटेला लगेच जाऊ नका, पीठ मळण्यातच हिंमत खचते. डबा लावण्यात कमीपणा नाही, पण सात दिवसांतल्या दोन वेळा तरी घरचा गॅस पेटायला हवा.

मोठी चूक म्हणजे "आई, तू बस, आम्ही करतो." सगळी कामं हातातून काढून घेतली की दिवस उरतो आणि त्यात करायला काहीच नसतं.

दुसरी मोठी चूक: महिन्याभरात आईला पुण्याला हलवणं. मुलाला वाटतं, इथं एकटी काय करणार. तिथं बाराव्या मजल्यावर तिला दुपारी बोलायला माणूस नसतं, देवीच्या दर्शनाची वाट नसते, भाजीवाली नावानं हाक मारत नाही. नवरा गेला, आणि त्यासोबत गाव, गल्ली, मैत्रिणीही गेल्या. महिनाभर न्या, परत आणून सोडा, पुन्हा न्या. घर विकणं, भाड्यानं देणं, कायमचं हलणं हे निर्णय वर्षापुढं. पैशाची किंवा आजारपणाची अडचण असेल तरच अपवाद.

घरातली त्यांची खुर्ची रिकामी ठेवू नका. कुणीतरी त्यात बसायला लागा, शक्यतो नातवंड. पहिल्यांदा सगळ्यांनाच कसंतरी होतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती खुर्ची होते.

तपासा: सहाव्या महिन्यात स्वतःला विचारा, या महिन्यात मी पहिल्यांदा केलेलं एक तरी काम आहे का? नसेल तर यादीतलं सगळ्यात सोपं उचला.

## टप्पा ६: वाईट दिवस आणि सणाचे दिवस

दुःखाचे पाच टप्पे असतात आणि ते ओळीनं येतात, हे वाचून लोक स्वतःला मोजायला लागतात. "मला अजून राग आलाच नाही, काही चुकतंय का?" ती मांडणी १९६९ ची आहे आणि ती मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून केलेली होती, मागं राहिलेल्यांसाठी नव्हे. अलीकडचे अभ्यासक वेगळं सांगतात: माणूस दुःखाकडं आणि कामाकडं आळीपाळीनं जातं-येतं, आणि हे जाणं-येणंच बरं असतं. सकाळी रडून दुपारी दुकान उघडलं म्हणजे प्रेम कमी होतं असं नाही. आठ दिवस चांगले जाऊन नवव्या दिवशी तांबड्या रश्श्याच्या वासानं कोसळलात, तर मागं गेलात असंही नाही.

सणाचं आधी ठरवा. गणपती, दिवाळी, त्यांचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिली पुण्यतिथी या तारखा वहीत लिहा आणि महिनाभर आधी घरात बोला: काय करायचं, काय नाही, कोण येणार. वर्षभर सण न करण्याची रीत पाळायची असेल तर पाळा, पण घरातल्या लहान पोरांची दिवाळी त्यात बुडवू नका. न ठरवता आलेला सण सगळ्यात वाईट जातो.

भेटायला येणाऱ्यांच्या वाक्यांना उत्तरं तयार ठेवा. "आता किती दिवस रडायचं?" याला "बघूया" एवढं पुरतं. "त्यांच्या जाण्यातही काही चांगलंच असेल" याला काही उत्तर देऊ नका, चहा विचारा.

सावध: काही गोष्टींना वेळ हे औषध नाही. सहा महिने उलटूनही रोजचं जगणं ठप्प असेल, झोप-जेवण पार बिघडलं असेल, माणूस गेलंय हेच मन मानत नसेल, दारू वाढली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापुरातल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. मरून जावंसं वाटत असेल तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच क्षणी १४४१६ वर फोन करायचा. टेली-मानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नये.

## टप्पा ७: आता तुमचे स्वतःचे कागद

हा टप्पा जवळजवळ कुणीच करत नाही. तुमच्या खात्याचा, विम्याचा, भविष्य निर्वाह निधीचा नॉमिनी कोण आहे ते बघा. पुष्कळदा तो गेलेलं माणूसच असतो. नवरा-बायकोनं एकमेकांची नावं घातलेली असतात, आणि एकजण गेल्यावर दुसऱ्याच्या कागदांकडं कुणाचं लक्ष जात नाही.

बँक खात्याला नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाचा हिस्साही लिहिता येतो. विमा, पोस्ट, पतसंस्था, कारखान्याचा शेअर, डीमॅट यांचे अर्ज वेगवेगळे, एकाचा दुसऱ्याला लागू पडत नाही. मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या. साक्षीदार शक्यतो तुमच्याहून वयानं लहान बघा, आणि ज्यांना त्यात काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका.

आपत्कालीन संपर्क म्हणून दवाखान्याच्या कार्डावर, ऑफिसात, सोसायटीत आणि मुलांच्या शाळेत कुणाचा नंबर आहे तेही बदला. त्यानंतर त्यांचं सिम बंद करायला हरकत नाही. मात्र त्याआधी तो नंबर जोडलेल्या प्रत्येक खात्यात तुमचा नंबर लागलाय का, हे वहीतल्या यादीवरून एकेक टिक करत बघा.